चिऱ्याच्या इमारतीतली कीटकशाळा: प्रस्तावापासून पहिल्या ट्रायकोकार्डापर्यंत

कीटकांची प्रयोगशाळा काढायची म्हटलं की पहिलं कोटेशन सूक्ष्मदर्शकाचं येतं. आमच्याकडेही तसंच झालं. कोकणात खरं तर पहिला पैसा अर्थिंगवर आणि दुसरा हवेतलं पाणी काढण्यावर घालावा लागतो. सूक्ष्मदर्शक शेवटी आला तरी कुणाचं काही अडत नाही. हा क्रम कळायला एक आख्खा पावसाळा गेला. किनाऱ्यापासून सात किलोमीटरवर, विद्यापीठाच्या आवारातल्या जुन्या चिऱ्याच्या इमारतीत ऑगस्ट २०२२ ते ऑक्टोबर २०२४ या काळात तीन गोष्टी उभ्या राहिल्या: जिवंत कीटकांचा संगोपन कक्ष, टाचणीवरच्या कीटकांचा संग्रह कक्ष आणि बाहेर एक जाळीघर. तालुका आणि संस्था मुद्दाम लिहीत नाही. हेच काम ज्यांच्या अंगावर पडलंय, त्यांना पत्त्यापेक्षा तपशील हवा असतो.

तीनही का लागतात ते आधी. भातावर खोडकिडा आणि निळे भुंगेरे, आंब्यावर तुडतुडे आणि फळमाशी, काजूवर ढेकण्या, नारळावर गेंड्या आणि सोंड्या भुंगा, ही इथली नेहमीची मंडळी. यांच्यावर काम करायचं तर वर्षभर एकाच वयाचे जिवंत कीटक हाताशी हवेत, आणि शेतात सापडला तो नेमका कोण हे ताडून पाहायला नीट नाव लावलेले मृत नमुने हवेत. या दोन्हींच्या मधे झाडासकट कीटक ठेवायची जागा हवी. त्यातलं एक जरी नसलं तरी काम उसनवारीवर चालतं. फळमाशीचा ‘रक्षक’ सापळा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा. तो आज बागायतदाराला साधा डबा वाटतो, पण माशी कशाला भुलते, कधी उडते, हे आधी जाळीत आणि बागेत बसून बघावं लागतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये प्रस्ताव लिहिला. एकूण रक्कम १४ लाख ६० हजार. कोटेशनं मे महिन्यात मागवलेली होती आणि तिथेच पहिला फटका बसला. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर ५ टक्के जीएसटीचा सवलतीचा दर होता, तो १८ जुलै २०२२ पासून गेला. आमचे सगळे आकडे जुन्या दराने लावलेले. परत कोटेशनं, परत तुलनातक्ता, त्यात दीड महिना गेला आणि एक सूक्ष्मदर्शक यादीतून उडाला. कोटेशनची मुदत साठ दिवस असते आणि समितीची बैठक नव्वद दिवसांनी. तेव्हा पुरवठादाराकडून पहिल्यांदाच १८० दिवसांची मुदत लिहून घ्यावी.

नोव्हेंबरच्या बैठकीत विचारले गेलेले प्रश्न लिहून ठेवतो, कारण ते सगळीकडे तेच असतात. एसी दोन कशाला? डिह्युमिडिफायर म्हणजे काय (हवेतलं पाणी काढणारं यंत्र) आणि एसी असताना तो का? जनरेटर कशाला? तिसऱ्या प्रश्नाला ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाचा दाखला दिला. दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, हे बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. जनरेटर मंजूर झाला. पण एक चूक आमचीच: आवर्ती खर्चाखाली आम्ही फक्त रसायनं दाखवली होती. वीजबिल, कीटकांच्या खाद्याची बाजरी, मलमल, डांबरगोळ्या, जनरेटरचं डिझेल यातलं काहीच नाही. यंत्रं एकदाच घ्यायची असतात, बाजरी दर महिन्याला लागते. पुढची दोन वर्षं ती ‘किरकोळ खर्च’ या सदरातून ओढत नेली.

प्रशासकीय मान्यता जानेवारी २०२३ मध्ये आली, पहिला हप्ता फेब्रुवारीच्या शेवटी, आणि तो ३१ मार्चच्या आत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं. अशा वेळी लोक घाईघाईने बीओडी इनक्युबेटर (ठरलेलं तापमान धरून ठेवणारं कपाट) घेतात आणि तो वर्षभर खोक्यात पडून राहतो. तोवर वॉरंटी संपते, वर किनाऱ्यावरच्या हवेने कंडेन्सरच्या जाळीला पांढरी बुरशीसारखी खारट पुटं चढतात. मार्चमध्ये न खराब होणाऱ्या वस्तू घ्याव्यात: स्टेनलेस स्टीलच्या कीटक-टाचण्या, सागवानी संग्रह-पेट्या, चाळण्या, काचेच्या नळ्या, कपाटं. आम्ही पेट्या घेतल्या. साठ नग, प्रत्येकी २,१०० रुपये. पेटी घेताना झाकण लावून चारी कडांतून कागदाची पट्टी सरकवून बघा. कुठूनही सरकली तर ती पेटी परत. पुस्तकातल्या उवा आणि संग्रहावरचे बारके केसाळ भुंगेरे त्याच फटीतून आत जातात.

एप्रिलमध्ये इमारत हातात आली. चिरा म्हणजे जांभा सच्छिद्र असतो. बाहेरून गिलावा नसेल तर पावसाळाभर भिंत पाणी पिते आणि ते आत सोडते. संग्रह कक्षाच्या दोन बाहेरच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि जलरोधक लेप, आतून फक्त चुन्याचा हात. आतून ऑइलपेंट लावू नका: भिंतीतलं पाणी त्यामागे अडकून फुगवटे येतात आणि वासाने जिवंत कीटक महिनाभर धड राहत नाहीत. गवंड्याला हे पटवायला दोन दिवस लागले, त्याच्या मते चुना म्हणजे गोठ्याचं काम.

अर्थिंगबद्दल कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात वीज वाहून नेत नाही म्हटलं तरी चालेल. वायरमनने एप्रिलमध्ये मोजलं तेव्हा जुन्या खड्ड्याचा रोध १९ ओहम निघाला. यंत्रवाल्यांना ५ च्या आत हवा होता. कोळसा-मीठ भरलेला खड्डा पावसात ठीक वाटतो, मीठ वाहून गेलं की पुढच्या वैशाखात पुन्हा जैसे थे. आम्ही तीन-तीन मीटर खोल दोन खड्डे घेऊन बेंटोनाइट मातीची पूड भरली आणि दोन्ही तांब्याच्या पट्टीने जोडले. मोजणी ३ च्या खाली आली. खर्च ३८ हजार. मोजणी एप्रिल-मे मध्येच करून घ्यावी, जुलैमधला आकडा फसवा असतो.

मृगाच्या आधी कौलं चाळून झाली, पागोळ्यांखाली पन्हळ बसवली आणि खोल्या रिकाम्याच ठेवून आत फक्त तापमान-आर्द्रता नोंदवणारी दोन छोटी यंत्रं लावली. या पावसाळ्यात दुसरं काही झालं नाही, आणि हाच सगळ्यात उपयोगी काळ ठरला. जुलैमध्ये बंद खोलीत आर्द्रता ९२ ते ९६ टक्के. दार-खिडक्या उघडल्या तर काही फरक नाही, कारण बाहेरही तेच. संग्रहाला ५० ते ५५ टक्के लागते. ६५-७० च्या वर बुरशी धरते, ४० च्या खाली कीटकांचे पाय आणि मिशा मोडायला लागतात. साठ घनमीटरच्या खोलीत दिवसाला ३० लिटर क्षमतेचा डिह्युमिडिफायर लावला. पहिल्या रात्री त्याची बादली भरून यंत्र आपोआप बंद पडलं आणि सकाळी आर्द्रता होती तिथेच. बादली काढून नळी थेट बाहेर सोडली, दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावली, छताखालची कौलांची फट पीओपीने बंद केली. चौथ्या दिवशी आकडा ५८ वर आला. फट राहिली की यंत्र सगळ्या कोकणाची हवा वाळवत बसतं. एसी आणि डिह्युमिडिफायर दोन्ही का, याचंही उत्तर इथेच मिळालं: डिह्युमिडिफायर चालताना गरम हवा टाकतो, खोली ३३ अंशांवर जाते, ती खाली आणायला एसी; आणि एकटा एसी थंडी गाठली की कॉम्प्रेसर थांबवतो, मग पाणी काढायचं कोण?

याच काळात जुन्या कपाटातल्या एकोणीस पेट्या बाहेर काढल्या. त्यांतल्या अकरा पेट्यांमध्ये टाचण्यांखाली तपकिरी भुकटीचे ढीग, वर लेबल शाबूत. संग्रहावरच्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांनी मालक खाऊन पाटी तेवढी ठेवली होती. उरलेल्या पेट्या जाड पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवल्या. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण एक दिवस खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. घाई केली तर दव नमुन्यांवर बसतं आणि किड्यांपासून वाचवलेला संग्रह बुरशीला जातो. मधे वीज गेली तर दिवस पहिल्यापासून मोजायचे. आमचे दोन आठवडे साडेपाच आठवड्यांनी संपले. बाहेरून आलेली कुठलीही पेटी, अगदी मोठ्या संस्थेकडून आलेली असली तरी, या फ्रीझरमधून गेल्याशिवाय संग्रह कक्षात जात नाही.

आता परवानग्या. नमुने जपायला अल्कोहोल लागतं: बाह्यरूप बघायचं तर ७० टक्के, डीएनए काढायचा तर ९५ टक्क्यांच्या वर आणि शिवाय थंडी. महाराष्ट्रात ते दुकानातून उचलून आणता येत नाही, राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते. जून २०२३ मध्ये अर्ज केला, नोव्हेंबरमध्ये परवाना हाती आला. यातले तीन महिने आमच्याच अर्जाने खाल्ले: वार्षिक गरज ‘अंदाजे’ लिहिली होती, साठवणुकीच्या खोलीचा नकाशा जोडला नव्हता आणि अर्जदार म्हणून विभागप्रमुखांचं नाव टाकलं होतं, संस्थेच्या अधिकृत प्रमुखाचं हवं होतं. गरज लिहिताना हिशेब द्या: किती नळ्या, प्रत्येकीत किती मिलिलिटर, वर्षातून किती वेळा बदलणार. कुलूपबंद कपाट आणि आवक-जावक नोंदवही आधी तयार ठेवा, पाहणीला आले की पहिलं तेच बघतात. बाटली उडून कमी होते तेही नोंदवहीत ‘बाष्पीभवन’ म्हणून दर महिन्याला लिहायचं, नाहीतर वर्षाअखेरी दोन लिटर कुणी प्यायले याचं उत्तर देत बसावं लागतं.

गोळा करण्याच्या परवानगीत गल्लत होते. वनहद्दीत एक मुंगीसुद्धा उचलायची तर वनविभागाचं पत्र लागतं. खासगी बागेत मालकाची लेखी संमती घ्यावी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचींत काही फुलपाखरं आणि इतर कीटकही आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्या अनुसूची बदलल्यात. जुनी यादी भिंतीवर लावून ठेवली असेल तर काढा. नवी प्रजाती सापडली तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नमुना मान्यताप्राप्त भांडारात जमा करावा लागतो. कीटकांसाठी बंगळुरूची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था, म्हणजे एनबीएआयआर, हे त्यांतलं एक.

डिसेंबर २०२३ मध्ये दोन बीओडी इनक्युबेटर बसले, दोन्ही मिळून १ लाख ७२ हजार. स्टॅबिलायझर वेगळा घ्यावाच लागला. आणखी एक छोटी वस्तू घ्या: वीज परत आल्यावर कॉम्प्रेसर चार मिनिटांनी सुरू करणारा टायमर. कोकणात वीज जाते ती एकदा जाऊन येत नाही, पाच-सहा वेळा डोळे मिचकावून मग जाते. प्रत्येक मिचकावणीला कॉम्प्रेसर धक्का खातो.

सूक्ष्मदर्शकही याच सुमारास आला. भिंगावर बुरशीची कोळीष्टकं धरू नयेत म्हणून तो दिव्याच्या कपाटात ठेवतात हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्या कपाटात कुणीतरी वीज वाचवायला एलईडी दिवा लावून ठेवला होता. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. फ्रीजमध्ये असतो तो १५ वॅटचा पिवळा दिवा लावला, कपाटाच्या वर-खाली भोकं पाडली, काम झालं.

जानेवारी २०२४ मध्ये मूळ बीज आणायचं ठरलं. तांदळावरचा पतंग, कॉरसायरा, आणि त्याच्या अंड्यांवर वाढणारी ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशीच्या कुळातली अर्ध्या मिलिमीटरची परजीवी माशी. दोन्हींचं खात्रीचं बीज एनबीएआयआरकडून घेतलं. आधी मेल, मग पैसे भरल्याची पावती, मग पाठवण्याची तारीख. ट्रायकोकार्ड, म्हणजे आत ही माशी वाढत असलेली अंडी चिकटवलेलं कार्ड, कुरिअरने मागवायचं तर माश्या बाहेर पडायला किमान चार दिवस उरलेले असावेत असं स्पष्ट लिहा. आम्ही जोखीम न घेता माणूस पाठवला. रात्रीच्या बसने कोल्हापूर आणि तिथून घाट उतरून. थर्मोकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी कार्डाला थेट टेकू नये म्हणून मधे वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या होत्या.

कॉरसायराला बाजरी लागते, कोकणात ती पिकत नाही, घाटावरून पोतं येतं. इथे मुबलक मिळते म्हणून तांदळाची कणी वापरून पाहिली. दमट हवेत तिचे गोळे होतात आणि आमच्याकडे पतंग निम्म्यानेही निघाले नाहीत. बाजरी विकत घेताना ती कीडनाशकाच्या गोळ्या टाकून साठवलेली आहे का हे दुकानदार सांगत नाही. पोतं आलं की मूठभर बाजरीत वीस अळ्या टाकून चार दिवस वाट पाहायची, मगच दळायची. दाण्याचे तीन-चार तुकडे होतील इतपत भरड. पीठ झालं की अळ्या गुदमरतात. भरडा १०० अंशांवर अर्धा तास तापवून थंड करायचा. एका खोक्यात अडीच किलो भरडा, १०० ग्रॅम शेंगदाण्याचा कूट, ५ ग्रॅम यीस्ट, ५ ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक आणि ०.०५ टक्के स्ट्रेप्टोमायसिनचा हलका फवारा. गंधक कोळ्यांसाठी, म्हणजे माइट्ससाठी. ते टाळून शेंगदाणा वाढवला तर पंधरा दिवसांत भरड्यावर चालती धूळ दिसते. वर अर्धा घनसेंटिमीटर अंडी पसरायची, मलमल बांधायची आणि तारीख लिहायची. साधारण चाळीस दिवसांनी पतंग निघू लागतात आणि पुढे दोन महिने निघत राहतात.

खोकी एकावर एक रचू नका. हजारो अळ्या खातात तेव्हा भरड्यात ऊब तयार होते. खोली २७ अंशांवर असली तरी खोक्याच्या पोटात हात घातला की कळतं. मधली खोकी तापली की अळ्या वर येऊन मलमल कुरतडतात.

पतंग रोज सकाळी गोळा करून तळाला जाळी असलेल्या डब्यात घालायचे. वर कापसाच्या बोळ्यावर निम्मं पाणी घातलेला मध ठेवायचा. अंडी जाळीतून खाली पडतात, त्यांतले खवले आणि पाय चाळण्यांनी वेगळे काढायचे. या कामाला तोंडावर चांगला मास्क हवाच. पतंगाच्या पंखांवरचे खवले छातीत जातात, आणि दमा नसलेल्या माणसालाही दोन-तीन महिन्यांत शिंका आणि धाप सुरू होते. गोळा करण्याचं काम एकाच माणसाकडे कायम ठेवू नका आणि ती जागा बाकी खोलीपासून वेगळी करा.

स्वच्छ अंडी कार्डावर पातळ डिंकावर भुरभुरवायची. एक घनसेंटिमीटर म्हणजे सुमारे १८ ते २० हजार अंडी, तेवढीच एका कार्डाला. मग अतिनील नळीखाली. आम्ही ३० वॅटची नळी, दोन फुटांचं अंतर आणि ४५ मिनिटं ठरवली. या उजेडाने अंड्यातला गर्भ मरतो पण अंडं माशीच्या उपयोगाचं राहतं. ही पायरी चुकवली तर माशीचा शिरकाव न झालेल्या अंड्यांतून कॉरसायराच्या अळ्या निघतात आणि शेजारची काळी झालेली अंडी फस्त करतात. नळी चालू असताना खोलीत थांबू नका, डोळ्यांत दोन दिवस वाळू गेल्यासारखं होतं. नंतर सहा ताज्या कार्डांना एक बीजकार्ड (माश्या निघायच्या बेतातलं कार्ड) या हिशेबाने पॉलिथिनच्या पिशवीत ठेवायचं. चौथ्या दिवसाच्या आसपास अंडी काळी पडतात, सातव्या-आठव्या दिवशी माश्या बाहेर. काळं कार्ड १० अंशांवर तीनेक आठवडे थोपवता येतं.

बिघडलं काय, तर फेब्रुवारीत दोन गोष्टी एका आठवड्यात. चार खोक्यांतल्या अळ्या निपचित, अंगावर पांढरट कोष. ब्रॅकॉन नावाची परजीवी माशी खिडकीतून आत शिरली होती. ही शेतात मित्र, नारळावरच्या काळ्या डोक्याच्या अळीवर सोडतात तीही हिच्याच जातकुळीची. कॉरसायराच्या खोलीत मात्र दरोडेखोर. तिने डंख मारला की अळी लुळी पडते. चारही खोकी मलमलीसकट फ्रीझरमध्ये टाकली, खिडकीची साधी डासांची जाळी काढून बारीक जाळी लावली आणि दाराबाहेर पडद्याची एक छोटी अंधारी खोली केली. कीटक उजेडाकडे जातात, तेव्हा आतल्यापेक्षा बाहेर उजेड जास्त ठेवायचा.

दुसरी गोष्ट जास्त लागली. इमारतीत झुरळ-पालींसाठी ठरलेली औषधफवारणी असते. ती करणारा माणूस आमच्या खोलीत आला नाही, नुसता व्हरांड्यात फवारून गेला. दुसऱ्या दिवशी पिशव्यांच्या तळाशी काळ्या रव्यासारखा थर होता, सगळी ट्रायकोग्रामा मेलेली. त्यानंतर दारावर मोठ्या अक्षरांत पाटी आणि बांधकाम विभागाकडे लेखी पत्र: या मजल्यावर फवारणी नाही, डासांची कॉइल-लिक्विड नाही, रंगकाम असेल तर आठ दिवस आधी कळवणे. त्याच कारणाने डांबरगोळ्या असलेला संग्रह कक्ष आणि संगोपन कक्ष यांची हवा कधी एकत्र येऊ देऊ नका. आमच्या मूळ नकाशात दोघांना एकच डक्टेड एसी होता! समितीने तो पैशाअभावी नाकारला म्हणून वाचलो.

औषध नाही म्हटल्यावर मुंग्यांचं काय? प्रत्येक मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत. साध्या पाण्यावरून बारक्या मुंग्या चालत जातात, म्हणून त्यात साबणाचे दोन थेंब. वाट्या दर तिसऱ्या दिवशी बदलायच्या, नाहीतर कीटकशास्त्र विभागातच डासांची पैदास होते. मांडणी भिंतीला टेकता कामा नये. एक वायर जरी लोंबली तरी मुंगळ्यांना पूल मिळतो.

जाळीघर एप्रिल-मे २०२४ मध्ये झालं, ३ लाख १० हजारांत. पहिल्या कोटेशनमध्ये साधा जीआय पाइप होता. खाऱ्या वाऱ्यात तीन वर्षांत सांध्यांतून गंज गळतो. गरम जस्तात बुडवलेले पाइप आणि नटबोल्ट स्टेनलेस असं लिहून घेतलं, २२ टक्के महाग पडलं. जाळी ४० मेशची, म्हणजे इंचाला ४० भोकांची. यात तुडतुडे आणि पतंग राहतात, फुलकिडे राहत नाहीत. त्यांना याहून बारीक लागते, पण मग आत वारा फिरत नाही आणि भाताची रोपं उकडतात. वारा नैऋत्येकडून येतो तेव्हा दार ईशान्येला, दोन दारं मधे मीटरभर जागा सोडून. भातावरचे तुडतुडे वाढवायला आत टीएन-१ हा जुना, किडीला सहज बळी पडणारा भाताचा वाण कुंड्यांत लावतो, दर दहा दिवसांनी नवी खेप. चांगला वाण लावला तर तुडतुडेच उपाशी.

पहिल्या वळवाच्या रात्री प्रकाशसापळा लावायची हौस असेल तर आवरा. वाळवीचे पंखवाले इतके येतात की बादली त्यांनीच भरते आणि खालचे पतंग चिरडतात. पाऊस स्थिरावल्यावर, अमावास्येच्या आसपास लावा. पकडलेले पतंग पावसाळ्यात आपोआप सुकत नाहीत. टाचणीवर ताणलेले पंख चार दिवसांत खाली लोंबतात. ४० ते ४५ अंशांच्या पेटीत दोन दिवस ठेवायचे, मग थेट संग्रह कक्ष. भुंगेऱ्याला टाचणी उजव्या पंखकवचातून, पतंगाला छातीच्या मधोमध. पितळी टाचणी नको, अंगातल्या चरबीने हिरवा गंज फुलतो. लेबलावर गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, कशावर सापडला, कुणी पकडला. इंकजेटची शाई दमट हवेत पसरते, अल्कोहोलमध्ये तर धुऊनच जाते. नळीतल्या लेबलाला साधी शिसपेन्सिल सगळ्यात टिकाऊ.

जुलै २०२४ मध्ये सलग ३१ तास वीज नव्हती. जनरेटर साडेसात केव्हीएचा, त्यावर एक एसी, दोन बीओडी आणि एक डिह्युमिडिफायर एकदम सुरू केले तर तो बसतो. क्रमाने, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सुरू करायचे: आधी बीओडी, मग डिह्युमिडिफायर, शेवटी एसी. हा क्रम जनरेटरवर खडूने नाही, रंगाने लिहा. रात्रपाळीच्या शिपायाला आम्ही त्याच दिवशी शिकवलं. ते आधी करायला हवं होतं. डिझेल संपलं तेव्हा बीजकार्ड थर्मासमध्ये घालून एकाच्या घरी, इनव्हर्टरवर चालणाऱ्या फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात नेलं. तेव्हापासून बीजाचा एक भाग कायम दुसऱ्या इमारतीत असतो.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली कार्डं बाहेर गेली, जवळच्या तीन शेतकऱ्यांच्या गरव्या (उशिरा पिकणाऱ्या) भातात, खोडकिड्यासाठी ट्रायकोग्रामा जॅपोनिकम. लावणीनंतर महिन्याने सुरुवात, हेक्टरी पाच कार्डं म्हणजे एक लाखाच्या आसपास, दर आठवड्याला एकदा. कार्डाच्या पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करायच्या, संध्याकाळी. आपल्याकडच्या पावसात पट्टी उघडी ठेवली तर अंडी धुऊन जातात, म्हणून उलटा कागदी पेला काठीवर खोचून त्यात पट्टी लावली. पेल्याच्या कडेला ग्रीसचं बोट फिरवलं नाही त्या बांधावर मुंग्यांनी पट्ट्या साफ केल्या. आणि आठवडाभर फवारणी नाही, हे शेतकऱ्याला एकदा सांगून भागत नाही. शेजारच्या बांधावरचाही फवारतो, त्यालाही सांगावं लागतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सगळं जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत चढलं, लेखापरीक्षण झालं. लेखापरीक्षकांनी एकच हरकत लिहिली: अडीच क्विंटल बाजरी ‘प्रयोगशाळा साहित्य’ कशी? सोबत खोक्यांची तारीखवार यादी जोडून उत्तर दिलंय. अजून निर्णय आलेला नाही, तोवर पुढचं पोतं पुन्हा किरकोळ खर्चातून.